दोन गुण्यांची चौकट

फरशी बसवणारे लोक नक्षीचं चित्र कधी पूर्ण काढत नाहीत. पाव भाग काढतात. उरलेले तीन पाव आरशात दिसावेत तसे त्यातूनच निघतात, मग कागद आणि शिसपेन्सिल कशाला झिजवायची? खोलीचा मध्य काढायचा, तिथे पहिली फरशी ठेवायची, चित्राचा कोपरा म्हणजे हीच फरशी असं मानायचं आणि चहूबाजूंनी वाढत जायचं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. जिना उतरताना आधी पाय शोधतो आणि मग डोळे, तसंच हे.

म्हणून शाळेतल्या गणिताच्या बाईंनी चौकटीच्या वहीचं एक पान फाडून दिलं, तेव्हा फरशीवालीने आणि तिच्या वडिलांनी ते एकाच नजरेने पाहिलं. पानाच्या कोपऱ्यात एक निळा चौकोन होता. त्याला दोन बाजूंनी बिलगून तीन पांढरे. त्यांना बिलगून पाच निळे. असे आठ पट्टे झाल्यावर पानाची रुंदी संपली होती आणि बाईंनी पुढे तीन टिंबं दिली होती. खाली सुबक अक्षरात लिहिलं होतं : एकूण पंधरा बाय पंधरा, निळ्या १२०, पांढऱ्या १०५.

"पाव भाग आहे," वडील चष्मा कपाळावर सारून म्हणाले. "आठ पट्टे. मधली फरशी दोन्हीकडे सामाईक, म्हणजे आठ आणि सात पंधरा. चोख बसतंय."

"चोख," तीही म्हणाली.

त्या तीन टिंबांकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. फरश्यांचे आकडेही त्यांनी पडताळले नाहीत. फरश्या बाईंनी आधीच मोजून आणवल्या होत्या. वीतभर लांबीरुंदीच्या, हाताने रंगवलेल्या, एका लहानशा भट्टीतल्या. ती भट्टी नंतर बंद पडली. बाईंनी दोन्ही रंगांच्या दोन-दोन जास्त घेतल्या होत्या, एवढंच.

वडिलांचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. आता ते सरळ भांडायला लागले होते. चाळीस वर्षं ज्या माणसाने जमिनीवर बसून संसार केला, त्याला खुर्चीवर बसून दिवस काढायचे म्हणजे शिक्षाच. पण ते शिक्षा एकट्याने भोगणाऱ्यांतले नव्हते.

"हे काम तू एकटीनं उतरव," ते तिला म्हणाले. "मी मध्ये येऊन लुडबुड करणार नाही. परवा सकाळी येईन, तेव्हा काठी आपटून बघेन." मग त्यांनी पिशवीतून आपला पितळी गुण्या काढून तिच्यापुढे ठेवला. काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या, एवढंच ते हत्यार. कोपरा सरळ आहे की नाही ते त्याने कळतं. पण त्यांच्या टोळीत पितळी गुण्या ज्याच्या हातात, पहिली फरशी तोच ठेवत असे आणि बाकीचे त्याच्या शब्दावर चालत. "काम उतरलं तर ठेव हा तुझ्याकडे, आणि हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्याचं काम तू घे. नाही उतरलं तर परत आण. तुझा चुलतभाऊ हात पुढे करून बसलाच आहे."

"त्याच्या हातात दिला तर तो त्यानं पाठ खाजवील."

"खाजवू दे. त्याच्या फरश्या पोकळ वाजत नाहीत, ते बघ आधी."

तिच्याही वाजत नव्हत्या. जमिनीला केसभर उतार असला तरी तो तिला उभ्याउभ्या दिसत असे. गणिताशी मात्र तिचा छत्तीसचा आकडा. शाळेत पाढे म्हणायला उभं केलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची आणि वर्ग खिदळायचा. सातवीत तिने पाटीला रामराम ठोकून थापी हातात घेतली होती. आता नशिबाने तिला गणिताच्याच खोलीची जमीन दिली होती. या खोलीत बाके असणार नव्हती. मुलांनी जमिनीवर चालत, उड्या मारत आकडे शिकायचे, अशी बाईंची कल्पना होती. खोली परवा उघडायची होती.

त्याच सकाळी तिने खोलीच्या दोन कर्णांवर रंगाची दोरी ताणून झटका दिला. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदत होत्या, तिथे सिमेंटचा माल पसरला आणि पहिली निळी फरशी ठेवली. पितळी गुण्या लावून पाहिला. मग रबरी हातोड्याचे चार हलके ठोके. तिच्याभोवती आठ पांढऱ्या. त्यांच्याभोवती सोळा निळ्या. हात बसला की डोकं मोकळं होतं, आणि मोकळ्या डोक्याने ती व्हरांड्याचा विचार करत होती. शंभर पावलं लांब व्हरांडा. एवढ्या लांबीवर सांधा गव्हाएवढा जरी सरकला तरी टोकाला बोट जाईल एवढी फट पडते. तिथे माणसाला आपण कोण ते कळतं.

साडेतीनपर्यंत तिसरी चौकट पुरी झाली. चोवीस पांढऱ्या. ती उठली, कमरेवर हात ठेवून मागे झुकली आणि दुरून बघितलं. निळं, पांढरं, निळं, पांढरं. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं, फक्त चौकोनी. तिचं तिलाच बरं वाटलं.

शाळा सुटली. सगळ्या आवाजांतून ओळखीची धावत येणारी पावलं वेगळी झाली आणि टिंबू दारातल्या फळीवर येऊन थबकली. टिंबू म्हणजे तिची मुलगी, वय वर्षं नऊ, याच बाईंच्या वर्गात. जन्मली तेव्हा टिंबाएवढी होती, म्हणून टिंबू.

"आई, डब्यात काही उरलंय?"

"डबा उरलाय."

"श्शी. तुझे विनोद." टिंबू फळीवर उकिडवी बसली आणि बोट नाचवत मोजायला लागली. "एक. मग नऊ. मग पंचवीस. मग..." ती सात साते पुटपुटली. "एकोणपन्नास." आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "आई, चार कुठे गेले?"

"कुठले चार? चारही कोपरे जागेवर आहेत."

"कोपरे नाही गं. चार! एकानंतर चार येतात, मग नऊ, मग सोळा. आम्ही वर्गात बटणं मांडून केलंय. एकात तीन मिळवायचे की चारांचा चौकोन. त्यात पाच मिळवायचे की नऊंचा. मग सात, की सोळांचा. तू एकात एकदम आठ ओतलेस."

"बाईंनीच तसं काढून दिलंय. ते बघ खिडकीत, पान."

टिंबूने पान घेतलं, उलटंसुलटं केलं. "बाईंनी कोपऱ्यातून सुरुवात केलीये. तू मधून."

"अगं, तो पाव भाग आहे. बाकीचा आपण समजून घ्यायचा असतो."

"पाव भाग असं कुठं लिहिलंय?"

फरशीवालीने पान हातात घेतलं. कुठेच लिहिलं नव्हतं. होती ती तीन टिंबं. आता मात्र ती तिला सुपारीएवढी मोठी दिसली.

घाबरायचं नंतर, आधी हातातलं बघायचं, हे ती बापाकडून शिकली होती. तिने पेट्यांकडे पाहिलं. पांढऱ्यांची रास निम्म्यापर्यंत खाली आली नसली तरी बरीच उतरली होती, निळ्यांची मात्र सकाळी होती तशीच भरगच्च दिसत होती.

"टिंबू, पांढऱ्या किती गेल्या?"

"आठ आणि चोवीस. बत्तीस."

"अजून किती लागतील?"

टिंबूने खडू उचलला आणि उघड्या कोब्यावर लिहिलं : ८, १६, २४. ती त्या आकड्यांकडे बघत राहिली, आणि मग तिचा चेहरा उजळला. "आई, हा तर आठाचा पाढा! प्रत्येक चौकट आठाने वाढते. पुढची बत्तीस, मग चाळीस, मग अठ्ठेचाळीस, मग छप्पन." तिने एक आड एक आकड्याभोवती गोल काढले. "पांढऱ्या म्हणजे आठ, चोवीस, चाळीस, छप्पन." बोटं, ओठ, पुन्हा बोटं. "एकशे अठ्ठावीस."

पेट्यांत सुरुवातीला एकशे सात होत्या. एकवीस कमी.

आठाचा पाढा ऐकून तिची जीभ आज टाळ्याला चिकटली नाही. तिने हिशोब उलटा करून पाहिला. शेवटची पांढरी चौकट लावलीच नाही तर? तेरा बाय तेरावर थांबायचं. पांढऱ्या बहात्तर लागतील, निळ्या सत्त्याण्णव, दोन्ही पुरून उरतील. उरलेली जागा भिंतीलगत लावायच्या राखाडी फरशीने भरायची, किनार थोडी रुंद झाली तर काय बिघडलं? जमीन देखणी दिसेल. वडील येतील, काठी आपटतील, एकही पोकळ वाजणार नाही. गुण्या तिच्याकडे राहील. बाईंच्या ध्यानात येईल तोवर माल दगड झालेला असेल, आणि दगडाशी कोण भांडतं?

सगळं किती सोपं होतं.

"म्हणजे चार नसणारच का?" टिंबूने विचारलं. तिला एवढं गप्प राहणं जमत नसे. "आणि सोळा?"

"सोळाचं काय विशेष?"

"माझा हजेरी क्रमांक सोळा आहे ना. परवा बाई मला सोळांच्या चौकोनावर उभं करणार आहेत. त्या म्हणाल्या, ज्यांचे क्रमांक चौकोनात बसतात ती सहा जणं आधी उभी राहतील. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस, छत्तीस."

फरशीवालीने नक्षीकडे पाहिलं. त्या चौकोनी वलयांत एक, नऊ आणि पंचवीस उभे राहू शकत होते. बाकीच्या तिघांना पाय ठेवायला जागा नव्हती. तिने हात फडक्याला पुसले.

"बाई कुठं आहेत?"

"शेजारच्या खोलीत. वह्या तपासताहेत."

बाई डोकं खाली घालून लाल पेनाने खुणा करत होत्या. तिने दारातूनच सांगून टाकलं. घोट घेत बसलं की औषध जास्त कडू लागतं.

"बाई, मी चित्र चुकीचं वाचलं. कोपऱ्यातून सुरू करायचं ते मधून केलं. एकोणपन्नास बसल्यात. पांढऱ्या एकवीस कमी पडतील, आणि चार, सोळा, छत्तीस येणारच नाहीत."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. त्या खोलीत आल्या, फळीवर उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"मी आठच पट्टे काढले," त्या म्हणाल्या. "पान संपलं म्हणून. मोठ्या कागदावर काढायला हवं होतं."

"आणि मी विचारायला हवं होतं."

"उचलता येतील?"

"संध्याकाळपर्यंत येतील. सकाळी नाही. पण उचललेल्या दहांतली एक जातेच, ताई-माई करून उचलली तरी. सगळ्या उचलल्या तर पाच जातील. जास्तीच्या आहेत चार, आणि त्याही रंग बघून फुटणार नाहीत."

"आणि भट्टी बंद."

"आणि भट्टी बंद," ती म्हणाली.

फरशीवालीने सवयीने हत्यारं गोळा करायला घेतली. विचार करताना तिचे हात रिकामे राहत नसत. स्वतःचा लोखंडी गुण्या उचलला, आणि शेवटच्या चौकटीचा खालचा उजवा कोपरा पुन्हा एकदा तपासायला तिथे टेकवला. का तपासला ते तिलाही सांगता आलं नसतं. चुकलेलं कामसुद्धा सरळ असावं, असं काहीतरी. मग पितळी गुण्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवला.

आणि ती तशीच गुडघ्यांवर थांबली.

चौकट उरलीच नव्हती. एक गुण्या वरून आणि एक खालून, दोघं तोंडाला तोंड लावून बसले होते, आणि त्या दोघांची मिळूनच ती चौकट झाली होती.

"टिंबू," ती हळू आवाजात म्हणाली, "वरच्या गुण्याच्या रांगेत किती फरश्या येतात? दोन टोकं खालच्याला दे."

टिंबू फळीवर पालथी पडून मोजायला लागली. "अकरा."

"खालच्याच्या?"

"तेरा."

"आता त्याच्या आतली निळी चौकट. तशीच मोज."

"वर सात. खाली..." टिंबूचा आवाज चढला. "नऊ! आणि त्याच्या आत तीन आणि पाच! आई! बाई! तीन, पाच, सात, नऊ, अकरा, तेरा!"

बाईंनी चप्पल काढली आणि त्या सरळ कोब्यावर मांडी घालून बसल्या, साडीला सिमेंट लागेल याची पर्वा न करता. "थांबा, थांबा. मधली एक. तिला वरच्या कोपऱ्याला तीन लावले, चार झाले. मग खालच्या कोपऱ्याला पाच, नऊ झाले. मग पुन्हा वर सात, सोळा. म्हणजे एकदा इकडे, एकदा तिकडे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आयुष्यभर कोपऱ्यातूनच काढत आले."

"आमच्यात भिंत वाकडी निघाली की असंच करतो," फरशीवाली म्हणाली. एवढं कुणी ऐकून घेत नसे, म्हणून तिला जरा संकोचल्यासारखं झालं. "वाकडेपणा सगळा एका बाजूला ढकलला तर डोळ्यात खुपतो. म्हणून आलटून पालटून वाटायचा. थोडा इकडे, थोडा तिकडे."

"आणि फरश्या?"

"ते तुम्ही सांगा. मला पाढे येत नाहीत."

"कोण म्हणतं?" बाई म्हणाल्या, पण त्या आधीच खडूने मांडत होत्या. रंग एक आड एक. निळ्या एक, पाच, नऊ, तेरा, अशा एकोणतीसपर्यंत : एकशे वीस. पांढऱ्या तीन, सात, अकरा, अशा सत्तावीसपर्यंत : एकशे पाच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. "तेच पट्टे, तेवढेच. फक्त बसायची जागा वेगळी."

आता उचलायच्या किती, ते टिंबूने मोजलं. पहिल्या पांढऱ्या चौकटीतल्या पाच निळ्या व्हायच्या होत्या, निळ्या चौकटीतल्या सात पांढऱ्या, आणि बाहेरच्या पांढऱ्या चौकटीतल्या तेरा निळ्या. पंचवीस.

"दहांतली एक म्हटली तर अडीच फुटतील," टिंबू म्हणाली. "अर्धी कशी फुटते?"

"फुटते तेव्हा अर्धीच फुटते, बाळा. फळीवरून ऊठ आता. उजेड आहे तोवर उरकू दे."

उचलायच्या पांढऱ्या अठरा होत्या, आणि त्यांतल्या दोनच गेल्या तर चालणार होतं. तिसरी गेली की जमिनीत कायमचं एक दात पडलेलं तोंड राहणार. आतल्या पाच सकाळी सर्वांत आधी बसवलेल्या, म्हणजे सर्वांत घट्ट. तिने पातळ पत्ती सांध्यात घातली, पाण्याचे थेंब सोडले, थांबली, पुन्हा सोडले. मग पत्ती फरशीखाली सरकवत हातोडीने नखाने टिचकी मारावी तेवढेच ठोके. पहिली फरशी हलली, वर आली, आणि तिच्या हातात आल्याबरोबर मधोमध दुभंगली.

टिंबूने तोंडावर हात ठेवला. फरशीवालीने दोन्ही तुकडे बाजूला ठेवले आणि दुसऱ्या फरशीच्या सांध्यात पाणी सोडलं. या वेळी जास्त वेळ थांबली. बाई दुसऱ्या खोलीतून बादलीभर पाणी घेऊन आल्या आणि उचललेली प्रत्येक फरशी मागून खरवडून धुवायला लागल्या. त्यांना ते काही फारसं जमत नव्हतं, पण त्या शिकत होत्या.

पाच झाल्या. मग सात निळ्या, त्या मात्र शहाण्या लेकरांसारख्या सुटून आल्या. मग बाहेरच्या तेरा. नववीचा कोपरा उडाला, करंगळीच्या नखाएवढा. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि तुकड्यांवर ठेवली.

"लहानसाच तर गेलाय," बाई म्हणाल्या. "सांध्यात लपेल."

"माझ्यापासून लपणार नाही."

आता जास्तीची पांढरी एकही नव्हती. उरल्या होत्या चार. तिने कपाळ दंडाला पुसलं. घाई करायची नाही, असं तिने ठरवलं नाही, तिच्या हातांनी ठरवलं. दहावी. अकरावी. बारावी. शेवटचीला तिने इतका वेळ पाणी पाजलं की टिंबू म्हणाली, "आई, ती आता पोहायला लागेल." पत्ती सरकली, एक बारीकसा 'चुक्' आवाज झाला आणि फरशी अख्खीच्या अख्खी तिच्या तळहातावर आली.

खिडकीतला उजेड पिवळा व्हायच्या आत पंचवीसच्या पंचवीस जागा खरवडून, नवा माल घालून भरल्या होत्या. टिंबू खिडकीपाशी उभी राहून पुन्हा मोजत होती. एक. चार. नऊ. सोळा. सोळाशी आल्यावर ती थांबली आणि नाकाला लागलेला खडू पुसत हसली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. तिने दिवसभरात बाकीचे आठ पट्टे एकदा वर, एकदा खाली असे लावले. दुपारनंतर टोळीतली माणसं आली आणि त्यांनी भोवतीची राखाडी किनार भरली. शेवटची निळी बसली तेव्हा पेटीत फक्त दोन निळ्या शिल्लक होत्या.

परवाची सकाळ उजाडली आणि वडील आले. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीवर. बाई दारापाशी होत्या, त्यांना त्यांनी नमस्कार केला आणि मग काठीचं टोक फरशीवर टेकवत निघाले. टक. टक. टक. प्रत्येक फरशीशी कान तिरपा. किनारीवरून आत, आतून मध्यापर्यंत. फरशीवाली भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही गुण्ये तिच्यापुढे जमिनीवर पडले होते.

मध्याजवळ ते थांबले. काठीवर भार टाकून कण्हत वाकले आणि एका सांध्यावरून नख फिरवलं.

"इथं उचललीयेस."

"हो."

"किती?"

"पंचवीस."

"का?"

"चित्र चुकीचं वाचलं. पाव भाग समजले."

"फुटल्या?"

"दोन. दोन्ही पांढऱ्या."

"न उचलता झाकलं असतंस तर मला कळलं नसतं," वडील म्हणाले. "आवाज चोख आहे."

"मुलांना कळलं असतं."

"त्यांनी त्याच वेळी येऊन मला सांगितलं," बाई मध्येच म्हणाल्या. "आणि मग जे काढलं ते मलाही सुचलं नव्हतं."

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मुलीकडेच बघत होते. "पाव भाग आहे असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"खोटं बोलू नकोस. चष्मा माझ्या कपाळावर होता. मी म्हणालो होतो."

"मीही चोखच म्हणाले होते."

"तू माझ्यामागून म्हणालीस." त्यांनी मान हलवली. "चाळीस वर्षं झाली. पहिल्यांदा कळलं की समोरच्याचं चित्र आपण आपल्या डोळ्यांनी वाचतो." मग आवाज बदलून, "ए टिंब्या, हे चार चार म्हणून जे सांगत होतीस रात्री, ते कुठं आहे?"

टिंबू धावत आली. आजोबांचा हात धरून तिने त्यांना मध्यापाशी नेलं. "ही निळी एक, आणि तिच्या वर तीन पांढऱ्या. इथं उभे राहा. नाही, पाय जवळ घ्या. चारांत मावायचं."

त्यांनी पाय जवळ घेतले. दोन फरश्यांवर दोन पावलं, तिसरीवर काठी. चौथी रिकामी राहिली.

"जागा उरली एक," ते म्हणाले.

"मग मी येते," टिंबू म्हणाली आणि त्या चौथ्या फरशीवर एका पायावर उभी राहिली.

बाहेर मुलांचा गलबला जवळ येत होता. फरशीवाली पुढे झाली, वाकली, पितळी गुण्या उचलून फडक्याने पुसला आणि वडिलांपुढे धरला. फरश्या फुटल्या होत्या, चूक झाली होती, आणि काम उतरलं की नाही हे ठरवायचं त्यांनी होतं. तिने त्यांना ते सोपं करून द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि अवघडही.

वडिलांनी गुण्या घेतला. त्याच्या झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग जमिनीवरच्या लोखंडी गुण्याकडे काठीने खूण केली.

"टिंबू सांगत होती रात्री, एकानं चौकट होत नाही म्हणे. दोन लागतात."

"दोन लागतात," ती म्हणाली.

"मग हा एकटाच परत नेऊन मी काय करू?" त्यांनी पितळी गुण्या तिच्या पिशवीत टाकला, अगदी बेफिकीरपणे, जणू उरलेला खिळा टाकावा तसा. "सोमवारी हॉस्पिटलच्या लोकांना भेटायला तू जा. चित्र देतील ते पुरतं वाच. टिंबं दिसली तर विचार."

"आणि हात पुढे करून बसलेल्या दादाला काय सांगू?"

"त्याला सांग, माल कालवायला लवकर ये."

दार उघडलं आणि मुलं आत शिरली. बाई हजेरीपट उघडून पहिला क्रमांक पुकारत होत्या. आजोबांना चारावरून हलायची अजिबात घाई नव्हती, आणि चार क्रमांकाचा मुलगा त्यांच्यासमोर हाताची घडी घालून, आपली जागा कधी रिकामी होते याची वाट बघत उभा होता.